शेअर्ड ड्राईव्हवरचा फोल्डर डिलीट होत नाही, रिस्टार्टनं जातो, आठ दिवसांनी पुन्हा तेच

"सर, ते फोल्डर जाईना गेलंय."

लातुरातल्या छोट्या ऑफिसांची नेटवर्कं सांभाळायला लागल्यापासून हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की पुढचं मीच म्हणून दाखवतो: "मागच्या आठवड्यात सर्व्हर बंद करून चालू केला तर गेलं होतं, आज दुसरंच अडकलंय."

गोम त्या बंद-चालूतच आहे. रिस्टार्टनं फोल्डर सुटतो हे खरं, पण तो कुणी धरून ठेवला होता याचा पुरावाही सोबतच पुसला जातो. मग कारण तसंच राहतं आणि आठ दिवसांनी दुसऱ्या फोल्डरवर उगवतं. म्हणून फोल्डर अडकलेला असेल तेव्हा सर्व्हरला हात लावू नका. तपासाची वेळ तीच असते, नंतर काही हाती लागत नाही.

आधी मेसेज नीट वाचून घ्या, जमलं तर मोबाईलवर फोटो काढा. फोनवर सगळे "डिलीट होत नाही" एवढंच सांगतात, पण विंडोज मात्र निरनिराळ्या गोष्टी बोलत असतं. 'फोल्डर इन यूज' हे एक दुखणं, 'यू नीड परमिशन' हे दुसरं, 'कुड नॉट फाइंड धिस आयटम' हे तिसरं आणि 'डिरेक्टरी इज नॉट एम्प्टी' हे चौथं. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की गुंता वाढतो.

कुणीतरी धरून बसलंय

माझ्याकडची बहुतेक प्रकरणं इथंच निघतात. एखाद्या पीसीनं शेअरवरची, म्हणजे सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरातली, फाईल उघडली की सर्व्हर तिचं एक हँडल, म्हणजे 'ही फाईल कुणीतरी धरलीय' अशी नोंद, उघडं ठेवतो. ते बंद होईपर्यंत ती फाईल जात नाही, आणि ती जात नाही तोवर तिच्या वरचा फोल्डर जात नाही. अडचण अशी की ज्याच्या पीसीवर मेसेज येतो त्याच्याकडं सहसा काहीच उघडं नसतं. तो बिचारा सगळ्या विंडो बंद करतो, पीसी रिस्टार्ट करतो, उपयोग शून्य, कारण धरणारा पलीकडच्या खोलीत बसलेला असतो.

त्यामुळं विचारायचं सर्व्हरला. सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंट उघडा, त्यात 'शेअर्ड फोल्डर्स', त्याखाली 'ओपन फाईल्स'. कोणती फाईल किंवा कोणता फोल्डर कोणत्या युजरनं उघडलाय ते तिथं दिसतं. त्या ओळीवर राईट क्लिक करून 'क्लोज ओपन फाईल' म्हटलं की हँडल सुटतं. पण त्याआधी त्या माणसाला फोन करा. त्याचं काम सेव्ह झालेलं नसेल तर ते गेलंच समजा. मार्चअखेरीला एका आडत दुकानात मी घाईत एक ओळ बंद केली आणि मुनीमजींचा अर्ध्या दिवसाचा हिशेब उडाला. ते काही बोलले नाहीत, नुसता चहा सांगितला. तो चहा अजून आठवतो.

या यादीत एक उणीव आहे. ती युजरचं नाव दाखवते, पीसीचं नाही. आपल्याकडं तर सगळ्या पीसींवर एकच लॉगिन टाकायची पद्धत, त्यामुळं प्रत्येक ओळीसमोर 'ऑफिस', 'ऑफिस', 'ऑफिस' असंच येतं. अशा वेळी सर्व्हरवर पॉवरशेल (कमांड टाईप करायची विंडो) ॲडमिन म्हणून उघडा आणि 'गेट-एसएमबीओपनफाईल' ही कमांड द्या. त्यात क्लायंट कॉम्प्युटरचं, म्हणजे फाईल धरणाऱ्या पीसीचं, नाव किंवा आयपी पत्ता मिळतो, आणि बंद करायला 'क्लोज-एसएमबीओपनफाईल' आहे. सर्व्हर २०१२ आणि विंडोज ८ पासून पुढच्या सगळ्या आवृत्त्यांत या कमांड आहेत. खरा उपाय मात्र प्रत्येकाला वेगळा लॉगिन देणं हाच. मालक म्हणतात, "कशाला उगं पासवर्डचं लफडं?" पण पाच वेगळी नावं दिली की पुढच्या वेळी चोर दोन मिनिटांत सापडतो.

आता औसा रोडवरच्या एका फोटो स्टुडिओचं प्रकरण, कारण पुन्हापुन्हा येणाऱ्या दुखण्याचं ते अस्सल उदाहरण आहे. तुळशीची लग्नं लागली की त्यांच्या सर्व्हरवर फोटोंचा पूर येतो. अल्बम दिला की कच्चे फोटो काढून जागा करावी लागते, आणि नेमके तेच फोल्डर हलत नाहीत. ओपन फाईल्समध्ये पाहिलं तर जेपीजी एकही उघडी नव्हती. उघडी होती ती 'थम्ब्स डॉट डीबी' नावाची लपलेली फाईल, दर फोल्डरमध्ये एक.

ही फाईल विंडोज एक्सप्लोरर स्वतः बनवतो, छोट्या चित्रांचा साठा म्हणून. व्हिस्टापासून पीसीवरच्या फोल्डरांसाठी हा साठा युजरच्या प्रोफाईलमध्ये एकाच जागी जातो, पण नेटवर्कवरच्या फोल्डरात अजूनही जागच्या जागी थम्ब्स फाईल पडते. कुणी फोल्डर उघडून मोठ्या चित्रांच्या व्ह्यूमध्ये नुसता चाळला तरी त्याचा एक्सप्लोरर ती फाईल बनवतो आणि काही काळ धरून ठेवतो. म्हणजे ज्यानं फोटो उघडलासुद्धा नाही तोच गुन्हेगार. त्याला विचारा, तो छातीठोकपणे सांगेल की मी काही उघडलं नाही, आणि ते खोटंही नसतं.

तात्पुरता उपाय म्हणजे फोल्डर डिटेल्स व्ह्यूमध्ये ठेवून एक पायरी वर या आणि तिथून डिलीट करा. कायमचा उपाय प्रत्येक क्लायंट पीसीवर करावा लागतो. ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे नियम ठरवायच्या जागी) युजर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, फाईल एक्सप्लोरर असं खाली उतरा. तिथं लपलेल्या थम्ब्स फाईलमध्ये थंबनेल साठवणं बंद करण्याची पॉलिसी आहे, ती 'एनेबल' करा. नाव 'टर्न ऑफ'नं सुरू होतं, म्हणून ती चालू केली की साठा बंद होतो. इथं पुष्कळ जण उलटं करून ठेवतात. होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी एडिटर नसतो. तिथं रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात) करंट युजरखाली सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, एक्सप्लोरर या जागी 'डिसेबल थम्ब्स डीबी ऑन नेटवर्क फोल्डर्स' हे शब्द सलग जोडून त्या नावाचा डीवर्ड (आकड्याची नोंद) बनवा आणि किंमत १ ठेवा. मग लॉगऑफ करून पुन्हा लॉगिन. सेटिंग युजरपुरतं असतं, त्यामुळं एका पीसीवर दोघं बसत असतील तर दोन्ही लॉगिनमध्ये करावं लागतं. स्टुडिओत मी चार पीसींवर केलं आणि पाचवा विसरलो, तो रिसेप्शनवरचा. आठ दिवसांनी फोन आलाच.

एक्सप्लोररमधला प्रिव्ह्यू पेन हाही असाच. उजवीकडं दिसणारी पीडीएफ किंवा वर्डची फाईल प्रत्यक्षात उघडलेलीच असते. ऑल्ट आणि पी दाबून तो पेन बंद ठेवायची सवय लावा.

लाईट गेल्यावरची भुतं

सर्व्हर इन्व्हर्टरवर आणि बाकीचे पीसी थेट लाईनवर, ही मांडणी आपल्याकडं घरोघरी. लाईट गेली की पीसी जागच्या जागी मरतात. मरताना त्यांनी सर्व्हरला 'फाईल बंद केली' असं सांगितलेलं नसतं. सर्व्हरच्या हिशेबी तो माणूस अजून बसलेलाच आहे. पलीकडं कुणी नाही हे सर्व्हरला उमगेपर्यंत ते हँडल टांगलेलं राहतं, आणि तेवढ्यात कुणी फोल्डर काढायला गेलं की अडकतं.

ओळखायचं 'सेशन्स'च्या, म्हणजे सर्व्हरशी जोडलेल्यांच्या, यादीवरून, ती ओपन फाईल्सच्या शेजारीच असते. इथं पीसीचं नाव दिसतं आणि किती वेळ हालचाल नाही तेही दिसतं. पीसी बंद आहे, तरी सेशन जिवंत आणि आयडल टाईम वाढत चाललाय, तर ते भूत. सेशन क्लोज करा. वारंवार होत असेल तर त्या पीसींना साधा छोटा यूपीएस लावा, निदान पाच मिनिटांत सगळं बंद करता येईल एवढा.

आणखी एक चकवा. यादीत काहीच नाही, तरी फोल्डर 'इन यूज'. मग धरणारा खुद्द सर्व्हरच असतो: अँटिव्हायरस, बॅकअप, किंवा सर्व्हरच्या स्क्रीनवर कुणीतरी उघडी टाकलेली काळी कमांड विंडो, जी त्याच फोल्डरात उभी आहे. ओपन फाईल्समध्ये नेटवर्कवरून आलेलेच दिसतात, घरातले नाही. त्यासाठी रिसोर्स मॉनिटर उघडा, सीपीयू टॅबमध्ये 'असोसिएटेड हँडल्स'च्या चौकटीत फोल्डरच्या नावाचा तुकडा टाईप करा. कोणता प्रोग्राम आहे ते लगेच कळतं.

मेलेला पण न गेलेला फोल्डर

यावर जरा जास्त लिहितो, कारण इथंच सगळ्यात जास्त नासधूस होते.

फोल्डर दिसतो. उघडायला गेलं तर 'ॲक्सेस डिनाईड'. ॲडमिननं लॉगिन केलं तरी तेच. प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी पाहिली तर मालक कोण तेही दाखवता येत नाही. आता कुणालाही वाटेल की परवानगीची भानगड आहे. प्रत्यक्षात अनेकदा तो फोल्डर आधीच डिलीट झालेला असतो. सर्व्हरनं त्याच्यावर 'डिलीट करायचा आहे' अशी खूण मारलेली असते, पण कुणाचं तरी हँडल अजून उघडं आहे, म्हणून नाव तेवढं मागं उरलंय. अशा अवस्थेत सर्व्हर कुणालाच तो नव्यानं उघडू देत नाही, ॲडमिनलाही नाही. शेवटचं हँडल सुटलं की तो आपोआप नाहीसा होतो. रिस्टार्टनं जातो तो म्हणूनच.

तेव्हा 'ॲक्सेस डिनाईड' दिसल्याबरोबर टेकओन आणि आयकॅकल्स (मालकी आणि परवानग्या बदलायच्या कमांड) चालवू नका. आधी ओपन फाईल्स पाहा. उदगीरच्या एका ऑफिसात माझ्याआधी आलेल्या कुणीतरी अख्ख्या शेअरवर मालकी बदलून सगळ्यांना फुल कंट्रोल देऊन टाकला होता. अडकलेला फोल्डर होता तसाच राहिला, आणि पगाराची फाईल मात्र शिपायापासून सगळ्यांना उघडायला लागली.

खरोखर परवानगीचा प्रश्न असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. शेअरची परवानगी आणि एनटीएफएसची, म्हणजे डिस्कवरच्या फोल्डरची स्वतःची, परवानगी यांत जी कडक ती लागू होते, म्हणून एकीकडं फुल कंट्रोल देऊन भागत नाही. आणि डिलीट करण्याचा हक्क दोन वाटांनी येतो. त्या वस्तूवर 'डिलीट' तरी हवं, नाहीतर वरच्या फोल्डरवर 'डिलीट सबफोल्डर्स अँड फाईल्स' तरी. नोकरी सोडून गेलेल्या माणसानं बनवलेले फोल्डर यातच अडकतात. मालकी घ्यायचीच तर तेवढ्याच फोल्डरची घ्या, आणि आधी आयकॅकल्सच्या सेव्ह पर्यायानं जुन्या परवानग्या एका फाईलमध्ये उतरवून ठेवा.

लांबलचक पत्ते आणि मराठी नावं

विंडोजच्या जुन्या नियमानुसार पूर्ण पाथ, म्हणजे ड्राईव्हपासूनचा सगळा पत्ता, २६० अक्षरांत बसावा लागतो. गंमत अशी की क्लायंटवर बसलेल्याला तो छोटा दिसतो आणि सर्व्हरवर लांब. क्लायंटचा झेड ड्राईव्ह थेट आतल्या फोल्डरला जोडलेला असतो, म्हणजे त्याची सुरुवात तीन अक्षरांत आटोपते. तीच जागा सर्व्हरवर डी ड्राईव्ह, शेअर्स, ऑफिस, कस्टमर्स, वर्ष अशी उतरत जाते आणि पहिली पस्तीसेक अक्षरं तिथंच संपतात. झेडवरून २५० अक्षरांपर्यंत नेलेला पाथ सर्व्हरवरून २८० च्या पुढं जातो. मग सर्व्हरवर बसलेला ॲडमिन कितीही डिलीट दाबो.

मराठी नावांनी यात भर पडते. आपण अक्षरं मोजतो, विंडोज काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं सुटं मोजतं. 'शेतकऱ्यांचे' हा शब्द आपल्याला पाच अक्षरांचा, विंडोजला अकराचा. 'क्षेत्र' दोन अक्षरांचं, तिथं सात. सातबारा, फेरफार, अर्जदाराचं पूर्ण नाव, गाव, तालुका एवढं सगळं फोल्डरच्या नावात कोंबणारी ऑफिसं मी पाहिलीत.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे जिथून बनला तिथूनच काढा, म्हणजे त्याच झेड ड्राईव्हवरून. नाहीतर वरून सुरुवात करून फोल्डरांची नावं एकेका अक्षराची करत खाली या, पाथ आपोआप आखडतो. फार खोल असेल तर रोबोकॉपी, विंडोजची कॉपी करायची कमांड. एक रिकामा फोल्डर बनवा, तो सोर्स, आणि काढायचा फोल्डर डेस्टिनेशन, सोबत 'मिर' पर्याय. रोबोकॉपीला लांब पाथ चालतात. रिकाम्याची हुबेहूब नक्कल करायची म्हणून तो डेस्टिनेशन साफ करतो. मात्र डेस्टिनेशनच्या जागी चुकून वरचा फोल्डर लिहिलात तर तोही तितक्याच निष्ठेनं साफ होईल. नेटवर्कवरचं डिलीट तुमच्या रिसायकल बिनमध्येही जात नाही. एंटर दाबण्याआधी ती ओळ मोठ्यानं वाचा, मी अजून वाचतो. विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून लांब पाथ चालू करायचं सेटिंग आलंय, पण एक्सप्लोरर त्याला जुमानत नाही, त्यामुळं या कामात त्याचा फारसा आधार नाही.

मराठीचाच आणखी एक घोळ. "डिलीट केलं तरी तसंच दिसतंय" अशी तक्रार मोंढ्यातल्या एका खत दुकानातून आली. जाऊन पाहिलं तर 'शेतकऱ्यांची बिले' नावाचे दोन फोल्डर होते, एक काढला की दुसरा उरायचा. 'ऱ्या'मधला तो अर्धा र दोन प्रकारे टाईप होतो: नुक्तावाला ऱ आणि हलन्त असा, किंवा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह असा. कीबोर्ड बदलला की आतला कोड बदलतो, डोळ्यांना मात्र फरक कळत नाही. एका जागी एकाच नावाचे दोन फोल्डर विंडोज ठेवूच देत नाही, म्हणजे तसे दिसले की नावात फरक आहे हे नक्की. हे निवारण म्हणायचं की शुद्धलेखन, कोण जाणे.

'कुड नॉट फाइंड धिस आयटम' आलं तर नावाच्या शेवटी स्पेस किंवा टिंब आहे का पाहा. दुसऱ्या यंत्रणेतून असं नाव सर्व्हरवर बसू शकतं, पण विंडोज ते वाचताना शेवटची स्पेस गाळून टाकतं आणि मग त्या नावाचा फोल्डर त्याला सापडत नाही. सर्व्हरवर कमांड विंडोत आरडी ही फोल्डर काढायची कमांड द्या, पाथच्या आधी \\?\ ही चिन्हं लावा आणि शेवटच्या स्पेससकट सगळं अवतरणचिन्हांत ठेवा. या चिन्हांनी नावाची साफसफाई टळते. कॉन, ऑक्स, नल असल्या राखीव नावांचे फोल्डरही याच वाटेनं जातात.

सर्व्हर म्हणजे लिनक्सचा डबा असेल तर

क्लासवाल्यांकडं हल्ली छोटे नॅसचे, म्हणजे नेटवर्कवर जोडायच्या डिस्कचे, डबे असतात, आत लिनक्स आणि साम्बा (विंडोजच्या पीसींना फोल्डर शेअर करून देणारा प्रोग्राम). तिथं कोण धरून बसलंय ते 'एसएमबीस्टेटस' ही कमांड सांगते. फोल्डर रिकामा दिसतो आणि तरी 'नॉट एम्प्टी' येतं, तेव्हा साम्बाच्या सेटिंगमधलं 'व्हीटो फाईल्स' तपासा. मॅकच्या आणि थम्ब्सच्या फाईली दिसू नयेत म्हणून कुणीतरी त्या तिथं लिहिलेल्या असतात. त्या दिसत नाहीत, पण आत असतात. 'डिलीट व्हीटो फाईल्स' होय केलं की मार्ग मोकळा. रीड-ओन्ली फाईली अडत असतील तर 'डिलीट रीडओन्ली' पाहा, ते मुळात नाही असंच असतं. आणि लिनक्सवर काढायचा हक्क फाईलवरून नव्हे, तिच्या वरच्या फोल्डरवरून ठरतो, त्यामुळं फाईलला ७७७ (सगळ्यांना सगळी मोकळीक) देत बसू नका. एसएसएचनं (दुरून कमांड द्यायच्या सोयीनं) आत जाऊन आरएम ही काढायची कमांड दिली तर उघडी फाईलही निमूट जाते. पण समोरचा तिच्यात जे लिहीत राहील ते नंतर कुणालाच सापडणार नाही.

काढलेला फोल्डर तासाभरात परत उगवत असेल तर सर्व्हर निर्दोष आहे. एखाद्या लॅपटॉपवर ऑफलाईन फाईल्स चालू असतील किंवा एखादं सिंक सॉफ्टवेअर जुनी प्रत परत ढकलत असेल. परत आलेल्या फोल्डरचा मालक कोण ते पाहा, लॅपटॉप कुणाचा ते कळेल.

यातलं काहीच लागू पडलं नाही आणि मेसेजमध्ये 'करप्टेड अँड अनरीडेबल' असं दिसलं, तर आधी बॅकअप आणि मग त्या ड्राईव्हवर चेकडिस्क, दुरुस्तीच्या एफ पर्यायासह. लाईट आणि इन्व्हर्टर दोन्ही एकदम गेल्यावर हे होतं. चेकडिस्क चालू असेपर्यंत तो ड्राईव्ह कुणालाच मिळत नाही, आणि मोठ्या डिस्कवर किती वेळ लागेल ते सांगता येत नाही. मार्चअखेरीचं ते आडत दुकान अमावस्येला बंद असतं, म्हणून त्यांची चेकडिस्क मी अमावस्येलाच लावतो. मुनीमजींनी कॅलेंडरवर त्या तारखेभोवती गोल करून ठेवलाय, खाली लिहिलंय 'भुतं काढणे'.